मातीच्या भिंतींचं सांता क्लारा

सांता क्लारा युनिव्हर्सिटीच्या आवारातलं मिशनचं चर्च पाहून आलेली आपली माणसं हमखास सांगतात की ते अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. स्पॅनिश पाद्रींचं मिशन १७७७ चं, हे खरं. पण आज दिसणारं चर्च १९२८ चं, काँक्रीटचं. शहरात उभ्या असलेल्या वास्तूंपैकी सगळ्यात जुनी म्हणावी अशी वास्तू तिथून थोड्याच अंतरावर 'दि अ‍ॅलमेडा' नावाच्या रस्त्याला लागून आहे. ती बुटकी, कौलारू, कच्च्या विटांची आहे. तिच्याजवळ सहसा कुणी फोटो काढत नाही. चर्च ज्यांच्या घामावर उभं राहिलं त्या इथल्या मूळच्या ओलोनी लोकांच्या वस्तीतलं ते एक घर. चर्च पुरानं गेलं, भूकंपानं गेलं, आगीत गेलं. मजुराचं घर राहिलं. या शहरातल्या जुन्या वास्तू याच क्रमानं पाहायला हव्यात, असं मला वाटतं. आधी हे घर, मग चर्च.

सांता क्लारा म्हटलं की आपल्याकडे चिप्स आठवतात, म्हणजे सिलिकॉनच्या. इंटेलचं मुख्यालय, एनव्हिडियाच्या त्रिकोणी इमारती, २०१४ साली उघडलेलं लीव्हाइज स्टेडियम. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचा कार्यक्रमही ठरलेला असतो. एका शनिवारी गोल्डन गेट, एका रविवारी लिव्हरमोरचं देऊळ, मध्येच अ‍ॅपलच्या इमारतीबाहेर फोटो आणि कॉस्टको. सोमवार ते शुक्रवार मुलं कामावर. गाडी चालवायची सोय नाही, त्यामुळे घराच्या आसपास चालणं एवढंच हाती उरतं. 'या गावात पाहण्यासारखं जुनं काहीच नाही का हो?' हा प्रश्न मला अशाच एका काकांनी एल कमिनो रिआलवरच्या भारतीय दुकानात, भाजीच्या रांगेत विचारला होता. पुष्कळ आहे. त्यातलं बरंचसं पायी पाहता येतं.

सुरुवात नदीपासून करावी लागते. ग्वादालुपे ही तशी लहानशी नदी. आज ती सान होजेच्या विमानतळाशेजारून, बांधबंदिस्तीत जखडलेली, खाडीकडे जाते. १२ जानेवारी १७७७ रोजी याच नदीकाठी टोमास दे ला पेन्या या फ्रान्सिस्कन पाद्रीनं क्रूस रोवला आणि कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांपैकी आठवं मिशन सुरू झालं. असिसीच्या संत क्लारा यांचं नाव त्याला दिलं. कॅलिफोर्नियात एखाद्या स्त्री संताचं नाव मिळालेलं हे पहिलं मिशन. तेव्हा पेशवे सवाई माधवराव तीन वर्षांचेही नव्हते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. फ्रान्सिस्कन पंथ आपल्याला अनोळखी नाही. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

नदीकाठ सुपीक होता, पण भरवशाचा नव्हता. जानेवारी १७७९ मध्ये, म्हणजे वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागती पत्करली त्याच महिन्यात, ग्वादालुपेच्या पुरानं मिशनची वस्ती बुडवली. पाद्री उंचावर, दुसऱ्या जागी सरकले. तिसऱ्या जागी होसे मुर्गिया या पाद्रीनं मोठं देखणं चर्च आखलं आणि बांधून घेतलं. मे १७८४ मध्ये मिशनांचे प्रमुख हुनिपेरो सेरा यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, पण मुर्गिया त्याआधी काही दिवसच वारले होते. ते चर्च १८१२ च्या भूकंपात खिळखिळं झालं आणि १८१८ च्या भूकंपानं निकामी झालं. पुण्यातली पेशवाई संपली ते हेच साल. मग तात्पुरतं चौथं चर्च, आणि १८२५ मध्ये सध्याच्या जागेवर पाचवं. पन्नास वर्षांत पाच जागा! नकाशावर एक बिंदू दाखवून 'मिशन सांता क्लारा इथे होतं' असं म्हणता येत नाही. नदीपासून युनिव्हर्सिटीपर्यंतची सगळी जमीन म्हणजे ते मिशन.

नदीजवळ राहायचं नाही आणि नदीवाचून भागायचं नाही, या पेचावर उतारा होता पाटाचा. १७७७ च्याच २९ नोव्हेंबरला स्पेनच्या सरकारनं नदीच्या पलीकडे साठ-सत्तर माणसांची शेतकरी वस्ती बसवली. तेच आजचं सान होजे. मिशन आणि वस्ती, दोन्ही त्याच नदीवर अवलंबून. नदीला बांध घालून पाट काढायचे आणि गहू, मका, कडधान्यं पिकवायची. लगेच तंटा सुरू झाला. वस्ती मिशनच्या फार जवळ आली, तिची गुरं आमच्या ओलोनी लोकांच्या शेतात शिरतात, पाण्यावर हक्क आमचा, अशा पाद्रींच्या तक्रारी वरपर्यंत गेल्या. बरीच वर्षं हे चाललं आणि अखेर नदी हीच हद्द ठरली. नगर-नाशिककडे पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे या आधीच, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत बंदिस्त नळानं पाणी आणलं होतं. त्या नळामुळे हौद झाले, हौदांभोवती पेठा वाढल्या. सांता क्लाराचा पाट उघडा आणि मातीचा होता, म्हणून तो बुजला, आणि आज वाटेवरच्या कुणालाही तो दिसत नाही. पण त्याच्या पाण्यावर वाढलेला रस्ता अजून आहे.

तो रस्ता म्हणजे दि अ‍ॅलमेडा. सान होजेची वस्ती आणि मिशन यांच्यामध्ये सुमारे चार मैलांची वाट होती, पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात रणरणती. रविवारी प्रार्थनेसाठी येणाऱ्यांचे हाल होत. माहिन काताला या पाद्रीनं अठरावं शतक संपता संपता या वाटेच्या कडेनं विलोची झाडं लावून घेतली. रोपं नदीकाठची, पाणी पाटाचं, आणि हात ओलोनी मजुरांचे. काताला इथे छत्तीस वर्षं राहिले आणि १८३० मध्ये इथेच वारले. त्यांना संतपद मिळावं म्हणून पुढे प्रयत्नही झाले. झाडं मात्र शंभर वर्षं टिकली. १८६८ मध्ये याच सावलीतून घोड्यांची ट्राम धावू लागली, नंतर विजेची आली. आज मूळ विलोंपैकी एकही उरलेला नाही. ट्राम नाही, पाट नाही. आहे तो बस आणि मोटारींचा वाहता रस्ता. तरी सान होजेकडून बसनं येताना लक्ष देऊन पाहावं. आसपासचे सगळे रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि हा एकच त्यांना न जुमानता तिरका जातो. वाट आधीची, शहर नंतरचं.

आता ते घर. 'सांता क्लारा विमेन्स क्लब' या महिला मंडळानं ते १९१३ मध्ये घेतलं आणि त्यामुळेच ते वाचलं. म्हणून त्याचं आजचं नाव 'विमेन्स क्लब अडोबी'. अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट आणि अशा विटांचं घरही. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर नोव्हेंबर १७९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून घोड्यावरून दलदल तुडवत इथे आला, तेव्हा मिशनमधल्या स्थानिक कुटुंबांसाठी अशी पक्क्या भिंतींची घरं बांधली जात असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. एकाला एक लागून घरांच्या ओळी होत्या. त्यांतलं हे एक शिल्लक. माझे सासरे वाईचे. त्यांना मी मुद्दाम तिथे नेलं. त्यांनी खिडकीच्या कोनाड्यात हात घालून भिंतीची जाडी पाहिली, वरच्या चुन्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'अगं, ही तर आपल्या वाड्याच्या मागची पांढरीची भिंत!' मग तासभर त्यांनी चिखल कसा मुरवायचा, पेंढा किती घालायचा, साचा पाण्यात बुडवून का घ्यायचा, हे मला सांगितलं. ओलोनी बायाबापड्यांनी नेमकं हेच केलं होतं. काळी माती, पाणी, गवत, पायांनी तुडवणं, लाकडी साचा आणि ऊन. विटेला पाऊस सोसत नाही म्हणून वर कौलं, आणि भिंत भिजू नये म्हणून वळचण पुढे काढलेली. घर जाड भिंतींचं आणि लहान खोल्यांचं आहे. आत क्लबचे कार्यक्रम होतात, त्यामुळे दार नेहमी उघडं नसतं. बाहेरून निवांत पाहता येतं.

ते पाहून झालं की चर्चकडे वळावं. चर्चसमोर एक उंच लाकडी क्रूस आहे. त्याच्या खोडात लहानशी काच बसवली आहे आणि काचेमागे काळपट, भेगाळलेलं लाकूड दिसतं. १७७७ साली रोवलेल्या पहिल्या क्रुसाचा तो तुकडा. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून चर्चचा फोटो घेतात. २५ ऑक्टोबर १९२६ च्या सकाळी चर्चच्या मनोऱ्यात आग लागली. विद्यार्थी आणि पाद्री आत धावले आणि मूर्ती, चित्रं जी हाताला लागली ती बाहेर काढली. इमारत वाचली नाही. दोन वर्षांत जुन्यासारखंच, थोडं रुंद, काँक्रीटचं चर्च उभं राहिलं. आतलं रंगीत छत मेक्सिकोचे चित्रकार आगुस्तिन दाव्हिला यांच्या मूळ कामावरून पुन्हा रंगवलेलं आहे. छपराकडे मात्र मान वर करून जरूर पाहा. तिथली सुमारे बारा हजार कौलं मिशनच्या जुन्या इमारतींवरून उतरवून आणलेली आहेत. दोन कौलं एकसारखी नाहीत. कुणाचा बाक जास्त, कुणाची कड वाकडी, रंगही वीटकरीपासून काळ्यापर्यंत. मनोऱ्यातल्या घंटांची कथाही सांगण्याजोगी. मूळ घंटा स्पेनच्या चौथ्या कार्लोस राजानं पाठवल्या होत्या. आगीनंतर, १९२९ मध्ये, तेराव्या अल्फोन्सो राजानं नवी घंटा भेट दिली. मेक्सिको, मग अमेरिका, अशी दोनदा सत्ता बदलली तरी स्पेनच्या राजघराण्याला हे चर्च आठवत होतं.

चर्चच्या बाजूची बाग शांत आहे. जुनी ऑलिव्हची झाडं, विस्टेरियाचे वेल, आणि मिशनच्या काळातल्या कच्च्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा. तिथेच 'अडोबी लॉज' आहे, मिशनच्या चौसोपी इमारतीचा १८२० च्या दशकापासून टिकलेला एकमेव भाग. १८५१ मध्ये जेझुइटांनी इथे कॉलेज काढलं, तीच आजची सांता क्लारा युनिव्हर्सिटी. कॅलिफोर्नियात आजवर चालू असलेली उच्च शिक्षणाची ही सर्वांत जुनी संस्था. आवारातल्या दे सॅसे म्युझियममध्ये मिशनच्या काळातल्या वस्तू आहेत. आणि नव्या इमारतीसाठी पाया खणायला घेतला की आधी पुरातत्त्वाची माणसं उतरतात, कारण खाली ओलोनी वस्तीचे अवशेष निघतात.

नुसत्या वस्तू नाहीत, माणसंही. हे टाळून सांता क्लाराच्या वास्तूंबद्दल लिहिणं मला खोटेपणाचं वाटतं. मिशनच्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदी आठ हजारांहून अधिक आहेत आणि मृत्यूच्या सहा हजारांहून अधिक. १८०६ ची गोवराची साथ तर भयानक होती. बाप्तिस्मा घेतला की मिशन सोडून जाता येत नसे. पळून गेलेल्यांना धरून आणत, फटके देत. विटा पाडणारे, पाट खणणारे, विलोची रोपं लावणारे बहुतेक जण याच वह्यांत दोनदा नोंदले गेले आणि त्यांची थडगीही राहिली नाहीत. काहींच्या नावानं मात्र जमीन झाली. १८३० च्या दशकात मेक्सिकोच्या सरकारनं मिशनं मोडीत काढली, तेव्हा जमिनी स्थानिकांना द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्या बहुतांशी भलत्यांनाच गेल्या. तरी मिशनमध्ये वाढलेले लोपे इनिगो यांना १८४४ मध्ये खाडीजवळची पोसोल्मी नावाची जमीन मिळाली. आज नासाचं संशोधन केंद्र आणि मॉफेट फील्डची धावपट्टी आहे, तो भाग. १८४५ मध्ये मार्सेलो, पिओ आणि क्रिस्तोबल या तिघांना उलिस्ताक मिळालं. लीव्हाइज स्टेडियमपासून जवळ, नदीकाठी, 'उलिस्ताक नॅचरल एरिया' नावाचं चाळीस एकरांचं मोकळं रान शहरानं राखलं आहे. स्थानिक झाडं आणि ओक तिथे पुन्हा लावले आहेत. आईबाबांच्या सकाळच्या फेरफटक्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. मुवेक्मा ओलोनी जमातीचे लोक आजही याच परिसरात आहेत आणि सरकारी मान्यतेसाठी झगडत आहेत.

मातीचं आणखी एक घर म्हणजे जेफर्सन स्ट्रीटवरचं बेरिएसा अडोबी, १८४० च्या दशकातलं. बार्ट रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव म्हणून आपल्या मंडळींच्या तोंडी बेरिएसा रोज असतं, पण घराण्याची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जून १८४६ मध्ये अमेरिकेनं कॅलिफोर्निया घ्यायला सुरुवात केली तेव्हा होसे दे लोस रेयेस बेरिएसा हे वृद्ध जमीनदार आपल्या मुलाची चौकशी करायला निघाले होते. सान राफाएलच्या किनाऱ्यावर उतरताच अमेरिकी अधिकारी फ्रेमाँट याच्या माणसांनी त्यांना आणि सोबतच्या दोन तरुणांना गोळ्या घातल्या. मग जमिनी गेल्या. पाऱ्याची खाण असलेली जमीनही कोर्टकचेऱ्यांत गेली. १८६१ मध्ये या घराण्यातल्या मंडळींनी हे साधं दोन-तीन खोल्यांचं मातीचं घर विकत घेतलं. शहरानं १९९५ मध्ये ते ताब्यात घेऊन नीट जपलं आहे.

सांता क्लाराचं रेल्वे स्टेशन १८६३ चं, लाकडी फळ्यांचं. भोर घाटाची रेल्वे सुरू झाली तेही हेच वर्ष. १८७७ मध्ये ही इमारत रुळांच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला हलवली आणि वाढवली. कॅलिफोर्नियात अखंड वापरात असलेलं हे सर्वांत जुनं प्रवासी स्टेशन समजतात. आत रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांचं म्युझियम आहे, सिग्नलच्या खटक्यांसकट. २०२४ पासून समोरून विजेवरच्या कॅलट्रेन जातात.

पाण्याची उरलेली गोष्ट मार्केट स्ट्रीटवरच्या हॅरिस-लॅस हाउसमध्ये आहे. घर १८६५ चं, मागे कोठार, उन्हाळी स्वयंपाकघर आणि लाकडी टाकीघर. शहराच्या हद्दीत उरलेली ही शेवटची शेतवाडी. शहरानं १९८७ मध्ये ती घेतली. टाकीघर म्हणजे निमुळता लाकडी मनोरा. पवनचक्की विहिरीतून पाणी वर चढवायची आणि ते आपल्या वजनानं घरात, बागेत उतरायचं. सुरुवातीला तर जमिनीत नळ टोचला की पाणी आपोआप उसळत असे. पाटांची गरज संपली आणि बागा वाढल्या. प्रून, जर्दाळू, चेरी. वसंतात सगळी दरी फुलांनी पांढरी होई. पण उपसा इतका झाला की सान होजेत जमीन सुमारे तेरा फूट खचली. विहिरी आणखी खोल गेल्या, खाडीकाठची वस्ती समुद्रपातळीखाली आली. मग पुराचं पाणी तळ्यांत अडवून जमिनीत मुरवायचं आणि बाहेरून पाणी आणायचं ठरलं, तेव्हा खचणं थांबलं. ज्यांच्या गावात बोअर आठशे फुटांवर गेलं आहे त्यांनी टाकीघरासमोर उभं राहून हा हिशेब समजून घ्यावा.

शहराच्या उत्तरेला अ‍ॅग्न्यू हा भाग आहे. १८८० च्या दशकात इथे राज्यानं मनोरुग्णालय काढलं. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटेच्या भूकंपात विटांची ती भली मोठी इमारत कोसळली आणि शंभराहून जास्त रुग्ण आणि कर्मचारी दगावले. नव्यानं बांधताना एक प्रचंड इमारत टाळून बुटक्या, सुट्या, पडव्यांच्या इमारती आणि मोकळी अंगणं केली. नव्वदच्या दशकात रुग्णालय बंद झालं, जागा सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि पुढे ओरॅकलकडे गेली. घड्याळाचा मनोरा, सभागृह आणि अधीक्षकाचा बंगला राखले गेले. त्या आवारात आपल्या कितीतरी मुलांनी नोकरी केली आहे.

आणि जे पाहता येत नाही तेही सांगायला हवं. फ्रँकलिन स्ट्रीटच्या आसपास सांता क्लाराचं जुनं बाजारगाव होतं. दुकानं, थिएटर, बँक. १९६० च्या दशकात 'शहर नवं करू' म्हणून केंद्र सरकारच्या पैशानं तिथले आठ चौक जमीनदोस्त केले. चर्च आगीनं गेलं, ते पुन्हा बांधलं. बाजार माणसांनी ठरवून पाडला आणि त्या जागी आलं एक निस्तेज दुकानसंकुल आणि पार्किंग. इतक्या श्रीमंत शहराला आज मध्य नाही, संध्याकाळी सहज जाऊन बसावं असा चौक नाही. आपल्या आईबाबांना इथे करमत नाही याचं हेही एक कारण आहे. शहरातल्या जुन्या रहिवाशांनी गेली काही वर्षं जुने रस्ते पुन्हा मूळ जागी आखा, बाजारपेठ परत बांधा, असा आग्रह धरला आहे. त्यांच्या सभांना आपणही जायला हवं, कारण आता हे गाव आपलंही आहे. आणि तिथे जाऊन एक मागणी करावी. त्या पार्किंगखाली मिशनच्या काळची जमीन आहे, कदाचित पाटाची खूणही असेल. नवे पाये भरण्याआधी ती खणून, नोंदवून घ्यावी, आणि त्या वेळी ओलोनी वंशजांना बोलवावं.